घरी बांधलेल्या विमानाची चाकं तेलावर चालवायची की विजेवर?

१ नोव्हेंबर २०११. पोलंडची राजधानी वॉर्सा. अमेरिकेतल्या नेवार्कहून आलेलं लॉट पोलिश एअरलाइन्सचं बोइंग ७६७ विमान २३१ जणांना घेऊन आकाशात घिरट्या घालत होतं. कारण चाकं बाहेर येत नव्हती.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमानाच्या एका हायड्रॉलिक यंत्रणेतलं तेल गळून गेलं होतं. तरीही वैमानिक घाबरले नव्हते. अशा वेळेसाठी विमानात विजेवर चालणारी दुसरी यंत्रणा होती. वॉर्साजवळ आल्यावर त्यांनी ती सुरू केली, पण तीही हलली नाही. शेवटी कॅप्टन तादेउश व्रोना यांनी ते अजस्र विमान थेट पोटावर उतरवलं. एकालाही इजा झाली नाही.

चौकशीत कळलं ते चक्रावून टाकणारं होतं. विजेची पर्यायी यंत्रणा धडधाकट होती. फक्त तिला वीज देणारा एक सर्किट ब्रेकर खाली पडलेला होता. आपल्या घरातला एमसीबी पडतो ना, तसाच. नंतर विमान उचलून तो ब्रेकर लावला, तर चाकं मुकाट्याने बाहेर आली.

एकाच विमानात तेलाने दगा दिला आणि विजेनेही. आणि या विमानामागे तर शेकडो इंजिनिअर होते. मग घरच्या गॅरेजमध्ये एकट्याने विमान बांधणाऱ्या माणसाने हाच निर्णय कसा घ्यायचा? चाकं, फ्लॅप, ब्रेक हे सगळं हायड्रॉलिक ठेवायचं की इलेक्ट्रिक?

पण घरी विमान बांधतं कोण?

बरेच जण बांधतात, विशेषतः अमेरिकेत. तिथे यासाठी कायद्यातच सोय आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेलं असेल, तर त्याला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात उडायची परवानगी मिळते. काही जण नुसत्या नकाशांवरून विमान बांधतात, तर बरेच जण तयार सुट्या भागांचं किट विकत घेतात. अशा हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना १९५३ साली सुरू झाली. दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावात त्यांची जत्रा भरते आणि हजारो विमानं तिथे उतरतात.

महाराष्ट्रालाही हा छंद अनोळखी नाही. मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली.

कारखान्यातल्या विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला सरकारी मंजुरी लागते. ‘हे बिघडलं तर काय?’ हा प्रश्न तिथे अनेक लोक अनेकदा विचारतात. घरच्या विमानात मात्र आराखड्यात बदल करणारा, पाना फिरवणारा आणि शेवटी विमान उडवणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. त्याने हा प्रश्न विचारला नाही, तर तो कुणीच विचारत नाही.

छोट्या विमानात ताकद कुठे लागते?

दोन किंवा चार आसनी विमानात सुकाणू आणि पंखांवरच्या झडपा वैमानिक हाताच्या आणि पायाच्या जोरावरच हलवतो. तिथे मधे तारा किंवा दांडे असतात, मोटर नसते. बाहेरची ताकद मुख्यतः चार ठिकाणी विचारात घ्यावी लागते.

पहिलं ठिकाण म्हणजे लँडिंग गिअर. चाकं हवेत असताना पोटात घ्यायची आणि उतरताना बाहेर काढायची.

दुसरं, फ्लॅप. पंखाच्या मागच्या कडेचा भाग खाली झुकवला की विमान कमी वेगातही तरंगत राहतं. उतरताना त्याचा उपयोग होतो.

तिसरं, ट्रिम. दांडी सतत ओढून धरावी लागू नये म्हणून केलेली बारीक जुळवाजुळव.

आणि चौथं, ब्रेक.

हायड्रॉलिक यंत्रणा काम कशी करते?

जेसीबीचा हात मातीत घुसतो, ट्रॅक्टरची ट्रॉली उचलून माल ओतते किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये अख्खी गाडी वर जाते, या सगळ्यामागे हायड्रॉलिकच असतं. तत्त्व सतराव्या शतकातलं, ब्लेज पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. त्यामुळे पंप एका जागी ठेवून बारीक नळीतून तो दाब हव्या तिथे नेता येतो.

हिशोब सोपा आहे. समजा, पंपाने १००० पीएसआय दाब तयार केला. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण तीसपट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० किलो. आता फक्त अडीच सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन घेतला तरी तो साधारण ३४० किलोचा जोर लावतो. एवढ्या लहान वस्तूतून एवढी ताकद, हे हायड्रॉलिकचं मोठं बलस्थान. शिवाय पंप एकच असला तरी त्याच्यावर तिन्ही चाकांचे तीन सिलिंडर चालतात.

पण यात एक मेख आहे. बऱ्याच छोट्या विमानांत हा पंप फिरवते एक इलेक्ट्रिक मोटर. पंप, मोटर आणि तेलाची टाकी एकत्र असलेल्या या डब्याला ‘पॉवर पॅक’ म्हणतात. म्हणजे विमान ‘हायड्रॉलिक’ असलं तरी बटण दाबल्यावर पहिल्यांदा बॅटरीच कामाला लागते. वीज गेली की पंपही गेला. त्यामुळे ‘तेल की वीज’ ही लढत वाटते तितकी सरळ नाही.

विजेची यंत्रणा वेगळी कशी?

इथे तेल नसतं. मोटर फिरते, ती एक लांब स्क्रू फिरवते आणि स्क्रूवर बसवलेला नट पुढे-मागे सरकतो. नटाला जोडलेला फ्लॅप किंवा चाकाचा दांडा त्याच्याबरोबर हलतो. नळ्या नाहीत, गळती नाही, हवा काढायची कटकट नाही. दोन तारा ओढल्या की काम झालं.

मोटारगाड्यांमध्ये हा बदल आपण पाहिलाच आहे. पूर्वीच्या पॉवर स्टिअरिंगला तेलाचा पंप लागायचा आणि तो इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरत राहायचा. आता बहुतेक गाड्यांत छोटी इलेक्ट्रिक मोटर असते आणि स्टिअरिंग वळवलं तेवढीच ती वीज खाते. मग विमानातही सगळं विजेवर का नको? घरी विमान बांधणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हाच प्रश्न असतो.

मग खरा फरक कुठे आहे?

तो चालू असताना दिसत नाही. बंद पडल्यावर दिसतो.

गाडीची स्टेपनी बदलताना दोन प्रकारचे जॅक वापरले जातात. एक स्क्रूचा. हँडल फिरवलं की गाडी वर जाते आणि हात सोडला तरी ती तिथेच राहते. उलट फिरवल्याशिवाय खाली येत नाही. दुसरा बाटलीसारखा दिसणारा हायड्रॉलिक जॅक. तो गाडी सहज उचलतो, पण त्याची बारीक झडप सैल केली की गाडी आपल्या वजनाने खाली बसते.

विमानातलं चित्रही असंच आहे. स्क्रूची यंत्रणा वीज गेली की बहुधा आहे तिथे थांबते. हायड्रॉलिक यंत्रणेतला दाब गेला की तिने धरून ठेवलेली वस्तू सुटते.

यातलं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं? ते त्या वस्तूने बिघाडानंतर काय करायला हवं, यावर अवलंबून आहे. ही एक गोष्ट पक्की केली की अर्धा निर्णय झाला.

लँडिंग गिअरसाठी काय योग्य?

बिघाड झाला तर चाकांनी काय करावं? खाली यावं. म्हणजे इथे ‘सुटणं’ फायद्याचं.

पायपर ॲरो या कारखान्यात बनलेल्या छोट्या विमानात ही कल्पना छान दिसते. त्याची चाकं वर धरून ठेवतो तो फक्त तेलाचा दाब. पंप बंद पडला तर वैमानिक एक लिव्हर ओढून दाब सोडतो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. गुरुत्वाकर्षणाचा ब्रेकर कधी पडत नाही.

आता बीचक्राफ्ट बोनान्झा पाहा. दशकानुदशकं उडणाऱ्या या विमानाची चाकं इलेक्ट्रिक मोटर, गिअरबॉक्स आणि दांड्यांवर चालतात. यंत्रणा भक्कम आहे, पण मोटर गेली तर चाकं आपोआप पडत नाहीत. पुढच्या आसनांमागे एक हातदांडा असतो. तो सुमारे ५० वेळा फिरवावा लागतो. एका हाताने विमान सांभाळत, मागे वळून, ५० फेरे.

म्हणजे विजेवरचं लँडिंग गिअर चूक आहे असं नाही. पण ज्याला ते घरी बसवायचं आहे, त्याने स्क्रू किंवा गिअरबॉक्सपासून चाक मोकळं करायची सोय आधी आखायला हवी. ही सोय नसेल, तर जळलेली मोटर चाकाला वरच कुलूप लावून बसते.

हायड्रॉलिकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. चाक ‘आपोआप पडेल’ हे हवेत नेहमी खरं ठरत नाही. काही विमानांत चाक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उघडतं. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा त्याला मागे ढकलत असतो. नुसतं वजन पुरत नाही, म्हणून तिथे स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट लावतात. गाडीच्या डिकीचं दार वर धरून ठेवणारा गज असतो ना, तोच प्रकार. आणि डिकीच्या दाराचा अनुभव अनेकांना असेल. पाच-सात वर्षांनी त्यातला गॅस कमी होतो आणि दार डोक्यावर येतं. विमानातला स्ट्रटही असाच म्हातारा होतो. फरक एवढाच की तो दमला आहे हे ज्या दिवशी पंप बिघडतो त्याच दिवशी कळतं.

फ्लॅप आणि ट्रिमचं काय?

इथे नियम उलटा. उतरायच्या तयारीत फ्लॅप अर्धे खाली असताना यंत्रणा बंद पडली, तर त्यांनी आहे तिथेच राहावं. अचानक वर गेले तर विमानाची उचल एकदम कमी होते, तीही जमीन जवळ असताना. म्हणून फ्लॅपला स्क्रूचा ‘हट्टीपणा’ मानवतो. घरच्या विमानांत फ्लॅपला इलेक्ट्रिक मोटर इतकी सर्रास दिसते त्याचं हे एक कारण.

फक्त एक पथ्य पाळावं लागतं. दोन्ही पंखांच्या फ्लॅपना दोन स्वतंत्र मोटर लावल्या आणि त्यातली एक थांबली, तर एक फ्लॅप खाली आणि एक वर अशी अवस्था होते. विमान एका कुशीवर वळायला लागतं. म्हणून एकच मोटर ठेवून दोन्ही फ्लॅप मधल्या भक्कम नळीने जोडणं शहाणपणाचं. मग बिघाड झाला तरी दोन्ही बाजूंना सारखाच होतो.

ट्रिमच्या छोट्या मोटरचा धोका वेगळा. बटण अडकलं तर ती थांबतच नाही आणि विमानाचं नाक सतत वर किंवा खाली जायला लागतं. यावर उपाय साधा आहे. तिची वीज तोडणारा स्विच चटकन हात पोहोचेल अशा जागी हवा आणि मोटरचा वेग मुद्दाम कमी ठेवायला हवा.

स्क्रूचा हट्टीपणाही अमर नसतो. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि ८८ जणांचा मृत्यू झाला. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या स्क्रूला पुरेसं ग्रीस मिळालेलं नव्हतं. नटाचे आटे झिजत झिजत संपले होते. ‘यात तेल नाही म्हणजे देखभाल नाही’ असं समजणाऱ्यांनी हा अपघात लक्षात ठेवावा.

ब्रेक हायड्रॉलिकच का असतात?

कारण त्यांना पंप लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. पायाने पॅडल दाबलं की छोट्या सिलिंडरमधलं तेल नळीतून चाकाच्या डिस्कपर्यंत जोर नेतं. मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकसारखंच. इंजिन बंद, वीज बंद, तरी ब्रेक चालू.

छोट्या विमानांत डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. अनेक घरगुती विमानांचं पुढचं चाक ट्रॉलीच्या चाकासारखं मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवर वळायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. म्हणजे अशा विमानात ब्रेक हेच स्टिअरिंग. एका बाजूचं तेल गळालं तर विमान थांबत तर नाहीच, सरळही जात नाही.

इथे नवशिके एक चूक करतात. विमानाच्या ब्रेकमध्ये बहुधा लाल रंगाचं खनिज तेल असतं आणि रबरी सील त्याला चालतील असे निवडलेले असतात. मोटारगाडीचं ब्रेक ऑइल वेगळ्या रसायनाचं असतं. ते यात ओतलं की सील फुगतात, मऊ पडतात आणि काही दिवसांत ब्रेक निकामी होतात. ‘ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल’ हा हिशोब इथे महागात पडतो.

आधी इशारा कोण देतं?

गळती ही हायड्रॉलिकची बदनाम बाजू. पण तीच कधी उपयोगी ठरते. जमिनीवर लाल थेंब दिसला, टाकीतली पातळी उतरली, पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळा सुरू व्हायला लागला, या सगळ्या खुणा उड्डाणाआधी दिसतात. बघणारा बघत असेल तर बिघाड बहुधा वर्दी देऊन येतो.

विजेचा बिघाड असा बोलका नसतो. आतून तुटलेली तार बाहेरून चांगली दिसते. नीट न दाबलेलं टर्मिनल, गंजलेलं अर्थिंग किंवा पावसाळ्यात ओल शिरलेला मायक्रोस्विच काल चालतो आणि आज चालत नाही. त्यामुळे विजेच्या यंत्रणेत बांधकामाच्या वेळचीच स्वच्छता जास्त महत्त्वाची. योग्य जाडीची तार, योग्य क्षमतेचा फ्यूज आणि हादऱ्यांनी घासणार नाही अशी बांधणी.

वजनाचं गणितही एकतर्फी नाही. एखादाच भाग हलवायचा असेल तर मोटर आणि दोन तारा हलक्या पडतात. तीन चाकं जोर लावून हलवायची असतील, तर एक पंप आणि तीन सिलिंडर हे तीन दणकट मोटरींपेक्षा सुटसुटीत ठरू शकतं. आगीचा विचार केला, तर खनिज तेल पेट घेतं, म्हणून त्याच्या नळ्या तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर न्याव्या लागतात. पण चुकीच्या फ्यूजची तार तापली तर धूर तिथूनही येतो.

बॅटरी एकच, मागणारे अनेक

पूर्वीच्या छोट्या विमानात वीज गेली तरी इंजिन चालू राहायचं, कारण त्याचा मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करायचा. आजही कारखान्यातल्या बहुतेक छोट्या विमानांत तेच आहे. पण घरच्या विमानांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन आणि टीव्हीसारखे स्क्रीन झपाट्याने आले. यातली अनेक उपकरणं त्याच बॅटरीवर जगतात.

अशा विमानात अल्टरनेटर बंद पडला की बॅटरीत उरलेली वीज म्हणजे इंजिनचा उरलेला वेळ. त्यात लँडिंग गिअरची मोटर १२ व्होल्टवर ४० अँपियर मागायला लागली, तर जवळपास ५०० वॅटचा भार पडतो. काही सेकंदांचाच, पण मरगळलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात खाली बसू शकतो. छोट्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनच्या मूळ जनरेटरची क्षमता तर साधारण २५० वॅटच आहे.

म्हणून ‘मोटर किती ताकदीची?’ यापेक्षा ‘अल्टरनेटर मेल्यावर ती मोटर कुणाच्या तोंडचा घास काढून घेणार?’ हा प्रश्न मोठा. उत्तर ‘इंजिनच्या’ असं असेल, तर चाकं विजेशिवाय खाली आणायचा मार्ग हवाच. नाहीतर इंजिनसाठी वेगळी बॅटरी हवी.

हँडल कुठे बसवलं आहे?

आणीबाणीची सोय असणं आणि ती वापरता येणं, यात फरक आहे. तो सर्वात कटू पद्धतीने दाखवणारा अपघात १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात झाला. प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलेलं लाँग-ईझी हे घरी बांधलेलं विमान समुद्रात कोसळलं.

मामला हायड्रॉलिकचा नव्हता, इंधनाचा होता. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचं हँडल वैमानिकाच्या पुढ्यात होतं. विमान बांधणाऱ्याने ते मागे, डाव्या खांद्याच्या पाठीमागे बसवलं होतं. तिथे हात न्यायचा तर अंग पिळून वळावं लागे. चौकशीचा निष्कर्ष असा की हँडलशी झटापट करताना डेन्व्हर यांचं लक्ष विमानावरून उडालं आणि उजवं पॅडल दाबलं गेलं. हँडलची अडचणीची जागा, त्यावर खुणा नसणं, उड्डाणाआधी इंधनाची अपुरी तपासणी आणि नव्या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण नसणं, या सगळ्यांनी हातभार लावला होता.

बांधणाऱ्याने ते हँडल बसवलं तेव्हा विमान जमिनीवर उभं होतं. जमिनीवर खांद्यामागे हात सहज जातो. चाकं खाली सोडायच्या लिव्हरलाही हेच लागू आहे. पट्टा बांधून, एका हातात दांडी धरून, नजर समोर ठेवून तो लिव्हर ओढता यायला हवा. येत नसेल तर ती सोय कागदावरचीच.

पण चाकं आत घ्यायचीच कशाला?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, म्हणून वेगवान विमानात चाकं पोटात घेणं फायद्याचं ठरतं. पण छोट्या विमानात चाकांवर गुळगुळीत आवरण घातलं तरी बराच अडथळा कमी होतो. व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-१० हे लोकप्रिय चार आसनी किट विमान चाकं कायम बाहेर ठेवून ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगाने उडतं.

सिरस कंपनीची गोष्टही बोलकी आहे. तिची सुरुवात व्हीके-३० या किट विमानाने झाली. १९८८ साली उडालेल्या त्या विमानाची चाकं आत जायची. पण पुढे तिने कारखान्यात बनवलेल्या एसआर-२० आणि एसआर-२२ या विमानांना मात्र चाकं कायम बाहेर ठेवली. तीच विमानं जगभर खपली.

बर्ट रुटान यांनी लाँग-ईझीत मधला मार्ग काढला. मागची दोन चाकं पक्की आणि पुढचं एकच चाक आत जाणारं, तेही हाताने दांडा फिरवून. पंप नाही, मोटर नाही. पुढे काही मालकांनी त्याला इलेक्ट्रिक मोटर बसवली, पण मूळ कल्पना बघण्यासारखी आहे. जे काम वैमानिकाचा हात काही सेकंदांत करू शकतो, त्यासाठी यंत्रणा कशाला?

मग शेवटी निवडायचं काय?

मोठ्या कंपन्यांनीही एकाच बाजूचा झेंडा घेतलेला नाही. बोइंग ७८७ हे ‘विजेकडे झुकलेलं’ विमान म्हणून ओळखलं जातं. त्याचे ब्रेकही इलेक्ट्रिक आहेत. तरी चाकं आत-बाहेर करायचं काम तिथे हायड्रॉलिककडेच आहे. आणि २०१३ साली ही विमानं जगभर जमिनीवर बसली ती बॅटऱ्यांना लागलेल्या आगीमुळे.

घरच्या विमानासाठी साधारण मांडणी अशी निघते. ब्रेक पायाने चालणारे हायड्रॉलिक. फ्लॅप आणि ट्रिम इलेक्ट्रिक. चाकं शक्यतो पक्की. आत घ्यायचीच असतील, तर हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रिक काहीही चालेल, पण विजेशिवाय आणि पंपाशिवाय ती खाली येऊन पक्की बसतील, हे सिद्ध करून मगच. आणि किट देणाऱ्याने यंत्रणा आखून दिली असेल तर ती बदलण्याआधी दहा वेळा विचार. तेलाच्या जागी मोटर लावणं हा एका सुट्या भागाचा बदल वाटतो, पण त्याबरोबर बिघाडाची सगळी साखळी बदलते.

सिद्ध करायचं ते कागदावर नाही. अमेरिकेत अशा विमानाला सुरुवातीला ठरवून दिलेल्या भागातच, सर्वसाधारणपणे २५ किंवा ४० तास, चाचणी उड्डाणं करावी लागतात आणि नंतर दर १२ महिन्यांनी तपासणी. त्या तपासणीत विमान जॅकवर उचलून चाकं आत घेतात. मग ब्रेकर ओढायचा, पंप मेला असं समजायचं आणि आणीबाणीचा लिव्हर ओढायचा. चाकं खाली येतात का, कुलूप लागतं का, तिन्ही हिरवे दिवे लागतात का, हे बघायचं. जिथे चाक वाऱ्याविरुद्ध उघडतं, तिथे हीच चाचणी सुरक्षित उंचीवर, हवेतही घ्यायची, कारण हँगरमध्ये वारा नसतो.

वॉर्साच्या त्या विमानात तेल होतं, वीज होती, पर्यायही होता. कमी पडला तो एक ब्रेकर, जो कुणाच्या नजरेत आला नाही. घरी विमान बांधणाऱ्याकडे शेकडो इंजिनिअर नसतात. पण आपल्या विमानातला प्रत्येक ब्रेकर, प्रत्येक नळी आणि प्रत्येक लिव्हर त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला असतो. त्यातला एकेक मुद्दाम बंद करून बघायला त्याला फक्त एक मोकळा रविवार लागतो.